चिकटपट्टीवरचा सा

गणपती उठले की आमच्या गल्लीत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, सीताफळांच्या पाट्या आणि टेस्ट सिरीज. नांदेडातली ही गल्ली अशी की इथं घरं कमी आणि क्लासेस जास्त. खाली झेरॉक्स, वर अभ्यासिका, त्याच्यावर मुलींची मेस. मी इथल्याच एका क्लासमध्ये बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवते. पोरं सीताफळ खात खात अभिक्रिया पाठ करतात, बिया जिन्यात थुंकतात आणि मी दरवर्षी त्याच शब्दांत ओरडते. पाऊस ओसरलेला असतो, जमीन आतून ओलीच असते, त्यामुळे ऊन नुसतं लागत नाही, वाफ होऊन अंगाला चिकटतं. दसरा-दिवाळी जवळ आली म्हणून लोकांना हे दिवस आवडतात. मला आवडत नाहीत. गल्लीत एकही पत्र्याचं घर नाही, तरी मला या उन्हात तापलेल्या पत्र्याचा वास येतो.

यंदा त्यात एक पाटी आली. समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गिटारचा क्लास सुरू झाला आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘वयाची अट नाही’. सगळी गल्ली मेडिकलच्या मागे लागलेली असताना हा कोण शहाणा निघाला, असं मनात आलं. मग शहाण्याचं नाव वाचलं. सोहेल. दहा-अकरा वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा. वहीच्या कडेला गिटारच्या तारांसारख्या सहा रेघा मारून त्यावर टिंबं देत बसायचा. एकदा मी ती वही उचलून सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हटलं, हे सगळं परीक्षेनंतर. पोरं हसली. सोहेलही हसला, पण पुढच्या महिन्यापासून यायचा बंद झाला.

आणि आता मलाच त्याच्याकडे जायचं होतं. जायचं की नाही, हेच पंधरा दिवस ठरत नव्हतं.

म्हणजे माझ्याकडे गिटार आहे. पोरगी शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, तेव्हा तीन वर्षांपूर्वी मी ती कपाटावरून खाली काढली आणि आपली आपणच शिकले. शिकले म्हणणं जरा जास्तच झालं. एका तारेवर एक बोट ठेवायचं, दुसऱ्या हातानं छेडायचं, बोट पुढं सरकवायचं. आमच्या गावच्या भजनातली एक चाल मला तेवढी येते. तीही मध्येच अडखळते, कारण बोटं ऐकत नाहीत. डाव्या हाताची बोटं दाबायला अवघडतात आणि उजव्या हाताला छेडायची लय सापडत नाही. नवरा स्वभावानं गरीब, तो टीव्हीचा आवाज बारीक करतो. एकदाच म्हणाला की कुणाकडून तरी नीट शिकून घे. शिकायला माझी ना नव्हती. भीती होती ती वेगळीच. कुठलाही शिकवणारा ही गिटार हातात घेईल आणि पहिल्यांदा तिच्यावरच्या चिकटपट्ट्या काढून टाकेल. मग तारा उतरवून त्याच्या पद्धतीनं लावेल. त्या तारा अण्णांनी लावून घेतल्या होत्या आणि त्या पट्ट्यांवर अण्णांचं अक्षर होतं. अण्णांच्या हातचं एवढंच माझ्याकडे उरलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. औसा आणि निलंगा यांच्या मधल्या एका गावात शाळामास्तर होते. गावाचं नाव सांगत नाही, ज्या जागेला ते नाव होतं तिथं आता बाभळी आहेत आणि नाव दोन मैलांवर नेऊन ठेवलेलं आहे. मी बारावीला लातूरला खोली घेऊन राहिले होते, डॉक्टर व्हायला. त्या वर्षी गणपती उठले आणि पहाटे भूकंप झाला. अण्णा गणपतीचं सामान राखायला शाळेच्या ओट्यावर झोपले होते म्हणून राहिले. आई घरात होती. दगड-मातीच्या त्या भिंती दोन-दोन हात रुंद, आणि आईला त्या भिंतींचा फार अभिमान. उन्हाळ्यात कसं गार राहतं म्हणायची.

त्यानंतरचे दिवस मला क्रमानं आठवत नाहीत. तुकडे आठवतात. शेतात उभी हायब्रीड ज्वारी, कापायला कुणी नाही. पावसाची भुरभुर आणि सगळीकडे ओल्या मातीचा न संपणारा वास. तो वास मला पूर्वी आवडायचा. मग पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या, रांगेनं, नंबर घातलेल्या. आमचा नंबर बेचाळीस. दुपारी आत बसवत नसे आणि बाहेर सावली नसे, म्हणून माणसं शेडच्या पडणाऱ्या सावलीबरोबर सरकत राहायची, सकाळी पश्चिमेला, दुपारनंतर पूर्वेला. कुणी कुणाशी फार बोलत नसे. रडून झालेलं होतं.

मदतीचे ट्रक यायचे. देणाऱ्यांनी मनापासून दिलं असणार, पण गठ्ठे सोडले की त्यातून काय निघेल याचा नेम नसायचा. कोट निघाले, टाय निघाले, उंच टाचांच्या चपला निघाल्या. रानात जाणारे आमचे म्हातारे धोतरावर कोट घालून फिरू लागले. एका ट्रकमधून गिटार निघाली. तिच्या दोन तारा तुटलेल्या होत्या. पोरांनी ती दोन दिवस बडवली, मग कुणीतरी म्हणालं, मास्तरांना द्या, भजनाची पेटी तेच वाजवायचे, पेटी तर गेली ढिगाऱ्यात. अशी ती बेचाळीस नंबरला आली.

लातूरला क्लासेस पंधरा-वीस दिवसांतच पुन्हा सुरू झाले. स्लॅबखाली बसायला पोरं तयार नव्हती म्हणून सरांनी लिंबाच्या बुडाला फळा टेकवला आणि आम्ही सतरंजीवर बसलो. वरून लिंबाची पानं वहीत पडायची. जमीन जरा हलल्यासारखी वाटली की सगळे एकदम उठायचे, सर खडू हातात धरून तसेच उभे राहायचे आणि पाच मिनिटांनी पुढचं समीकरण लिहायचे. मीही लिहून घ्यायचे. आई जाऊन महिना झाला नव्हता आणि मी टेस्ट सिरीजमध्ये पहिल्या दहात होते. लोक म्हणायचे, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली, मी पळून आले होते. शेडमध्ये अण्णांसमोर बसणं मला झेपत नव्हतं.

रविवारी एसटीनं जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. अण्णांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. शाळेत गावभर ऐकू जाईल असा आवाज असलेला माणूस, तो शेडच्या सावलीत पाटावर बसून मांडीवर गिटार आडवी घेऊन एकेक तार ऐकत असायचा. कुणी शिकवलं नव्हतं, शिकवणारं तिथं होतं कोण? पेटीचे सूर कानात होते, ते तारेवर शोधत बसायचे. सापडला सूर की मान हलवायचे आणि मदत केंद्रातून आणलेल्या डॉक्टरी चिकटपट्टीचा तुकडा फाडून त्या जागी चिकटवायचे. त्यावर शाळेच्या लाल शाईनं, वळणदार अक्षरात लिहायचे, सा. मग रे. मग ग. बघणारे म्हणायचे, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही आतून तसंच वाटायचं आणि लाज वाटायची.

एक रविवार मात्र मला पुरता आठवतो. सीताफळाचे दिवस होते. कुणीतरी टोपलीभर आणून दिली होती आणि मी शेडच्या दारात सूप घेऊन मदतीच्या तांदळातले खडे निवडत होते. अण्णा बराच वेळ माझ्याकडे बघत बसले होते. माझ्याकडे म्हणजे माझ्या हातांकडे.

“बस जरा इकडं,” ते म्हणाले. “दोन सूर दावितो तुला.”

मी घड्याळ पाहिलं. पाचची गाडी गाठायची होती, सोमवारी ऑरगॅनिकचा पेपर होता.

“पेपर झाल्यावर, अण्णा,” मी म्हटलं. “परीक्षा होऊ द्या, मग निवांत शिकते.”

“बरं. परीक्षा झाल्यावर.”

त्यांनी गिटार बाजूला ठेवली. मला चार सीताफळं बांधून दिली. पुढच्या रविवारी शेडमध्ये गिटार नव्हती. तारा बदलायला लातूरला युसूफचाचांकडे दिलीय म्हणाले. युसूफचाचा म्हणजे गंजगोलाईच्या मागं ज्यांचं पेटी दुरुस्तीचं पिढीजात दुकान होतं ते. आमच्या गावची पेटी त्यांच्याच हातची. मग गिटार परत आली, मग पुन्हा गेली, पुन्हा आली. मी विचारलं नाही. त्या वर्षी मेडिकल थोडक्यात हुकलं, पुढच्या वर्षी पुन्हा हुकलं. परीक्षा कधी संपलीच नाही म्हणायला हरकत नाही, कारण पुढं मी परीक्षांच्याच धंद्यात शिरले. अण्णांनी शिकवायचं पुन्हा कधी काढलं नाही आणि मीही कधी आठवण दिली नाही.

सहा वर्षांनी ते गेले. सरकारी वसाहतीतल्या घरात, छातीत दुखून, तासाभरात. दहाव्याला युसूफचाचा एसटीनं आले होते. मी नांदेडला नेण्यासाठी गिटार चादरीत गुंडाळत होते, ते बघून जवळ आले.

“मास्तर दोन खेपा आले होते बेटी हिच्यापायी,” ते म्हणाले. “पह्यल्या बारीला चांगल्या तारा चढवून दिल्या. आठ रोजांनी पुन्हा हाजिर. म्हणले, सगळं उतरव आन् पुन्हा लाव. येवढी मेहनत मी पेटीवर बी केली न्हाई कधी.”

मी हो म्हटलं आणि गाठ मारली. काय उतरवलं, काय पुन्हा लावलं, विचारायला हवं होतं. त्या दिवशी घरभर माणसं होती आणि मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. आता युसूफचाचाही नाहीत.

हे सगळं पंधरा दिवस डोक्यात घेऊन मी समोरच्या जिन्यापर्यंत जायचे आणि दुसऱ्या मजल्यावरून परतायचे. तीनदा गेले, तीनदा आले. सोहेलला काय सांगायचं? की बाबा रे, तुला हाकललं आणि आता मला शिकव? आणि त्यानं पट्ट्या काढल्या तर? पट्ट्यांचं तसं काही राहिलेलं नाही. चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली आहे, शाई फिकी पडली आहे, ध आणि नी तर ओळखीवरच वाचायचे. शिवाय अण्णांनी त्या चिकटवल्याही अशा की गिटारच्या दांडीच्या खालच्या कडेला. मांडीवर घेतली की अक्षरं जमिनीकडे जातात. वाचायची तर गिटार डोक्याच्या वर उचलून मान वाकडी करायची, आणि तरीही ती उलटीच दिसतात. बिचाऱ्यांचं तेव्हा लक्ष कुठं होतं, असं म्हणून मी त्यांना कधीचं माफ करून टाकलेलं. जागा पाठ करून घेतल्या होत्या. मास्तरांची चूक दुरुस्त करणारी मी कोण?

चूक म्हटलं की मला त्यांची लाकडी पट्टी आठवते. तेही याच दिवसांतलं, शाळेत सरस्वतीपूजन असायचं तेव्हाचं. मी डावखुरी होते. डाव्या हातानं जेवायचे, डाव्या हातानं पाटीवर लिहायचे. मास्तरांचीच पोरगी डाव्या हातानं अक्षर काढते म्हणजे गावात काय राहिलं? दर वेळी बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची. वर्गात सगळ्यांसमोर बसायची आणि घरी पुन्हा. प्रसादाला डावा हात पुढं आला की ते नुसतं बघायचे आणि मी हात परकराच्या घडीत लपवायचे. आई भांडायची. “देवानंच दिलाय न्हवं त्यो हात? तुमी कोण मोडणारे?” म्हणायची. अण्णा म्हणायचे की पोरीचं पुढं हसं होईल, सासरी नावं ठेवतील. दुसरीत जाईपर्यंत मी उजवी झाले. अक्षरही चांगलं वळणदार, अण्णांसारखं. फक्त विळीवर भाजी चिरताना, धान्य निवडताना, फळा पुसताना अजून डावा हात आपोआप पुढं येतो. वर्गातली पोरं मागून म्हणतात की मॅडमना दोन्हीकडून येतं.

परवा शेवटी गेले. चौथ्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर थांबलेच नाही. दुपारची वेळ, क्लासमध्ये कुणी नव्हतं. सोहेल खुर्च्या पुसत होता. त्याला दाढी आली आहे, चष्मा लागला आहे. मला बघून फडकं हातात घेऊन तसाच उभा राहिला, वर्गात उभा राहायचा तसा.

मी त्याला सांगितलं की तुझ्याशी मी चुकीची वागले होते. घरून हे वाक्य तयार करून नेलं होतं, ते म्हणताना निम्मं विसरले. तो म्हणाला, “मॅडम, ती वही हाय अजून माझ्याकडं.” पाणी आणून दिलं.

मग मी माझी अट घातली. पट्ट्या काढायच्या नाहीत, तारांना हात लावायचा नाही, वडिलांनी लावलेल्या आहेत, चुकल्या असतील तर चुकलेल्या राहू देत, याच्यावर शिकवता येत असेल तर सांग, नसेल तर मी चालले. तो हसला नाही. गिटार घेऊन खिडकीशी गेला आणि उजेडात फिरवून फिरवून बघत राहिला. दांडीच्या टोकाला, जिथं तारा खाचांमधून जातात, तिथं त्यानं नख फिरवलं.

“मॅडम, ह्या चुकलेल्या न्हाईत,” तो म्हणाला. “हे कोणीतरी लई मेहनतीनं केलंय. जाड तार बारीक तारेच्या जागी हाय, बारीक जाडीच्या. नुसत्या उलट्या लावल्या असत्या तर खाचेत बसल्या नसत्या. ही खाचेची पट्टीच नवीन कोरून बसवलीय, हाडाची. तुमच्या घरात डावखुरं कोण होतं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं.

खरंच म्हटलं. विचार करायच्या आत तोंडातून गेलं, इतकी अण्णांची ती लाकडी पट्टी मला आतपर्यंत लागलेली होती.

सोहेलनं गिटार फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं माझ्या मांडीवर ठेवली, दांडी माझ्या उजव्या हाताकडे. इतकी वर्षं जमिनीकडे तोंड करून असलेली कड वर आली. खाली मान घातली तर अक्षरं समोर होती, सरळ, एका ओळीत, फिकी पण पूर्ण वाचता येणारी. सा रे ग म. शाळेत पाटीवर गिरवायला घालून देत तशी, समोर बसलेल्या पोरीला दिसावीत अशी लिहिलेली.

मला शेडचं दार दिसलं, तांदळाचं सूप दिसलं आणि माझ्या हातांकडे बघत बसलेले अण्णा दिसले. त्या दिवशी मी डाव्या हातानं खडे निवडत होते. आई नव्हती, माझ्या बाजूनं भांडायला कुणी नव्हतं, आणि ते नुसते बघत होते. त्यांना मला सूर शिकवायचे नव्हते. त्यांना त्या हाताविषयी काहीतरी म्हणायचं होतं आणि ते तोंडानं म्हणता येत नव्हतं. म्हणून दोन वेळा लातूरला जाऊन त्यांनी ते युसूफचाचांकडून करून घेतलं, पट्ट्या काढून दुसऱ्या कडेला नव्यानं चिकटवल्या आणि परीक्षा होण्याची वाट बघत राहिले. सहा वर्षं. मी दर सुटीला घरी जायचे, ती कोपऱ्यात उभी असायची, मी तिच्यावरची धूळ झटकायचे. एकदा त्यांच्यासमोर नुसती मांडीवर घेतली असती तरी त्यांनी फिरवून दिली असती. आणि आता तीन वर्षं मी उजव्या हातानं ती वाजवत बसले, त्यांनीच शिकवलेल्या हातानं, आणि मला वाटत होतं की त्यांचं चुकलं.

मी रडले. विद्यार्थ्यासमोर रडू नये असं मी दरवर्षी नव्या शिक्षकांना सांगते. सोहेल खिडकीबाहेर बघत राहिला. खाली कुणीतरी सीताफळांचा भाव करत होतं, समोरच्या वर्गात टेस्ट सुटल्याची घंटा झाली.

थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं की सोमवारपासून आठवड्यातून दोन दिवस जमेल का, आणि तारा आहेत तशाच ठेवू, तो उलटं बघून शिकवेल. मी मान हलवली. मग आत्ताच एकदा वाजवून बघा म्हणाला. मी उजव्या हाताचं बोट सा वर ठेवलं. बराच वेळ काहीच झालं नाही.

“मॅडम,” सोहेल म्हणाला, “डावा हात.”

मी खाली पाहिलं. तो पदराच्या घडीत होता. मी तिथं कधी लपवला मलाच कळलं नव्हतं. वर्गात आम्हा दोघांशिवाय कुणी नाही हे मी एकदा बघून घेतलं आणि मग तो बाहेर काढला.